विद्यार्थ्यांचे आरोग्य आणि दवाखान्याचे दार

(पेण व रोहा तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांच्या वर्षावास मेळाव्यात एका निवृत्त आरोग्य सेवकाने केलेले भाषण.)



आषाढी पौर्णिमेस आपला वर्षावास सुरू झाला आणि त्याच सुमारास महाविद्यालयांचे नवे सत्रही सुरू झाले. येथे बसलेल्या कुटुंबांपैकी काहींनी गेल्या एकदोन वर्षांतच धम्मदीक्षा घेतलेली आहे, आणि पुष्कळ घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच मूल आहे. निडी, नागोठणे, कासू येथून पहाटेची गाडी पकडून कोणी पेणला, कोणी पनवेलला जाणार. कोणी रोह्यातच शिकणार. कोणी मुंबईस किंवा ठाण्यास वसतिगृहात राहावयास जाणार. या मुलांची तयारी तुम्ही किती हौसेने करून देता, ते मी पाहिले आहे. छत्री, दप्तर, वह्या, गाडीचा पास, फीची पावती, जातीचा दाखला, सारे दोनदोनदा तपासले जाते. मुलाची प्रकृती कशी आहे, त्यास नीट झोप लागते काय, सकाळी काही खाऊन ते घराबाहेर पडते काय, परगावी आजारी पडल्यास ते कोणत्या दारी उभे राहणार, हे मात्र कोणी तपासत नाही. त्याविषयी बोलावे म्हणून मला येथे बोलाविले आहे.

मी डॉक्टर नव्हे. आरोग्य खात्यात आरोग्य सेवक म्हणून मी तीस वर्षे नोकरी केली. तापाच्या रोग्याच्या बोटास सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यावयाचा, विहिरीत औषध टाकावयाचे, घरोघर जाऊन कोण आजारी आहे ते लिहून घ्यावयाचे, हे माझे काम. तेव्हा मोठे शास्त्र मी सांगणार नाही. जे पाहिले आणि जे स्वतःच्या अंगावरून गेले, तेवढेच सांगेन.

महाडचे चवदार तळे येथून फार दूर नाही. आपल्या जिल्ह्यास तेव्हा कुलाबा म्हणत, आणि २० मार्च १९२७ रोजी ज्या परिषदेतून बाबासाहेब तळ्याकडे निघाले, तिचे नावही कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद असेच होते. आपल्या घरातले पोरही ही हकीकत सांगेल. परंतु त्या पावलाखाली जो कायद्याचा आधार होता, तो आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिला आहे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असे त्यात होते. एवढे आपण सांगतो आणि थांबतो. त्याच ठरावात पुढे शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही लिहिलेले आहे. तळे आपल्या लक्षात राहिले, शाळा लक्षात राहिली. दवाखाना मात्र आपण विसरलो.

तो शब्द ठरावात का आला असेल, याची कल्पना यावी म्हणून एक हकीकत सांगतो. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ते मुद्दाम नमूद करून ठेवले आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी ती आजारी पडली, छाती दुखू लागली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार नव्हता. बाळंतिणीस वस्तीबाहेर आणून ठेवले, तेव्हा तो आला. त्याने ताप पाहण्याची नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिली, त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली, नवऱ्याने बायकोस लावली आणि त्याच वाटेने ती परत गेली. न्यूमोनिया आहे, असे डॉक्टरने दुरूनच सांगितले. नंतर तो पुन्हा आला नाही. बाई गेली.

आज पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दाराशी आपल्याला कोणी असे उभे करू शकत नाही. ते दार उघडे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये येथे तपासणी आणि उपचार यांसाठी पैसे घेतले जात नाहीत. असे असून आपली मुले त्या दारापर्यंत जात नाहीत. फुकटचे औषध ते कसले, असे कोणी म्हणते. रांगेत गावचा माणूस पाहील म्हणून कोणी जात नाही. अभ्यास बुडेल ही भीती तर सर्वांनाच असते.

मीही असाच एक विद्यार्थी होतो. ही गोष्ट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीची. मी निडीहून गाडीने पेणला कॉलेजात जात असे आणि संध्याकाळी गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात काम करीत असे. पेण आणि हमरापूर येथील हे कारखाने तुम्हांस ठाऊकच आहेत. सत्राचे पहिले दोन महिने आणि त्यांच्या घाईचे दोन महिने एकच पडतात. मूर्तींवर काचकागद घासावयाचा, तर अंगावर पांढरी धूळ. तेथे सर्वच खोकतात. म्हणून मीही खोकू लागलो तेव्हा कोणास काही वाटले नाही. मलाही वाटले नाही. पुढे संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली, पट्टा दोन भोके आत गेला. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. पण क्षय हा शब्द घरात उच्चारला, तर बहिणीचे लग्न अडेल, असे मला वाटे. एका खाजगी दवाखान्यातून खोकल्याच्या बाटल्या आणीत राहिलो. त्यासाठी आईने दोन शेळ्या विकल्या. कशासाठी विकल्या, ते तिने वडिलांनाही सांगितले नाही.

दिवाळीच्या आधी एके दिवशी गाडीतच रुमालावर रक्त आले. समोर बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी ते पाहिले. त्यांनी काही विचारले नाही. पेणला उतरल्यावर माझा हात धरला आणि थेट सरकारी दवाखान्यात नेऊन बसविले. थुंकी तपासली, औषध सुरू झाले, एक पैसा लागला नाही. माझे वर्ष गेले. ते मी पुढे भरून काढले. परंतु ज्या चार महिन्यांत मी खोकला लपविला, त्या चार महिन्यांत माझ्या धाकट्या बहिणीस लागण झाली होती. तीही औषधाने बरी झाली. तेव्हा ती सातवीत होती. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

म्हणून मुलांनो, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला हा पावसाचा खोकला समजू नका. थुंकीची तपासणी फुकट, औषध फुकट; आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १,००० रुपये झाली. औषध पुरे सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितके घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तेथेच पुष्कळ जण सोडतात. मग पुढचा आजार आधीच्याहून हट्टी असतो.

आता पोटाविषयी. मला यावर जरा अधिक बोलावयाचे आहे, कारण विद्यार्थ्यांचे निम्मे आजार मी रिकाम्या पोटातून निघालेले पाहिले आहेत.

चौदा एप्रिलच्या सुमारास अनेक ठिकाणी आपली मुले सलग अठरा तास वाचन करून बाबासाहेबांस अभिवादन करतात. फार चांगला उपक्रम आहे. वर्षातून एक दिवस तो करावा. पण काही मुले हेच व्रत जुलैपासून रोज चालवू पाहतात, तेही पहाटे चार वाजता कोरा चहा पिऊन, आणि आईबाप कौतुकाने ते शेजाऱ्यांस सांगतात. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत असता अर्धपोटी राहत आणि रात्री भूक अनावर झाली म्हणजे पापडांवर भागवीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. आपल्या पेणचे पापड प्रसिद्ध आहेत. तरी पापड म्हणजे जेवण नव्हे. ती उपासमार त्यांनी आवडीने पत्करली नव्हती, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. उत्तरायुष्यात मधुमेहाने त्यांस किती जर्जर केले, हेही त्याच चरित्रांत आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी आजारपणाशी झगडत लिहिला आणि तो छापलेला पाहावयास ते राहिले नाहीत. अशा पुरुषाच्या उपासाचे आपण अनुकरण करावे, की त्यांस जे मिळाले नाही ते आपल्या मुलांस मिळते आहे काय, हे पाहावे?

आळवी नगरीतील गोष्ट आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. नव्याने दीक्षा घेतलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तथागत तेथे उपदेशास आले होते. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, उपाशीपोटी, धावत तेथे पोचला. सभा जमलेली, सारे थांबलेले. तथागतांनी आधी त्याच्या जेवणाची व्यवस्था करावयास सांगितली आणि तो जेवून बसल्यावर उपदेश सुरू केला. भिक्षूंना याचे नवल वाटले. भुकेल्यास धम्म समजत नाही, तेथे हिशेबशास्त्र आणि रसायनशास्त्र कसे समजणार?

खावे काय, याचे उत्तर दुकानातल्या डब्यांत शोधावयास नको. आपल्या घरची नाचणीची भाकरी, वालाची उसळ, सुकट, जवळा, शेवग्याचा पाला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. गाईच्या दुधाच्या तो जवळजवळ तिप्पट. पण आमच्या मुली सुकटीचा डबा कॉलेजात नेत नाहीत. का, म्हणून एकीला विचारले तर म्हणाली, “काका, डबा उघडला की वास येतो आणि मग सगळ्याजणी कोण, कुठली, ते विचारतात.” तिच्या आईने पहाटे उठून केलेला तो डबा ती गाडीतून बाहेर टाकीत असे आणि दिवसभर चहा-बिस्किटावर राहत असे. तिच्या रक्तात लोह किती असेल, हे सांगावयास प्रयोगशाळा नको. या मुलीस मी काय उत्तर द्यावे, ते मला त्या दिवशी सुचले नाही. पुढे तिने स्वतःच तोडगा काढला. आणखी दोघींना जमवून त्या तिघी एकत्र डबा उघडू लागल्या.

जी मुले परगावी राहतात, त्यांच्यासाठी शासकीय वसतिगृहे आहेत. आणि तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत राहणाऱ्यासाठी वर्षास ६०,००० रुपये धरण्यात आले आणि त्यांपैकी ३२,००० रुपये केवळ भोजनभत्ता म्हणून. हिशेब केला तर दिवसाला सुमारे ८८ रुपये. हे पैसे जेवणाचे आहेत, हे मुलांनी आणि त्यांच्याहून अधिक आईबापांनी ध्यानात ठेवावे. या पैशातून घरातल्या लग्नाचा खर्च भागविलेला मी पाहिला आहे, आणि तो मुलगा वर्षभर एकवेळ जेवत होता. अर्ज वेळेत करा, कागद अपुरे ठेवू नका. रक्कम हाती पडेपर्यंत विहाराने काय करावे, ते शेवटी सांगतो.

येथे नव्या कुटुंबांसाठी एक खुलासा. बौद्ध झालात म्हणजे सवलती गेल्या, असे तुम्हांस कोणी भिववीत असेल तर ऐकू नका. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश केला आहे. दाखल्यावर नीट नोंद करून घ्या, एवढेच.

मुलींविषयी थोडे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे येथे बसलेल्या दोघींपैकी एक. जिना चढताना धाप, वाचताना डोळ्यांपुढे अंधारी, सतत थकवा, यास आळस म्हणू नका. रक्त तपासून घ्या. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असता कामा नये. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळतात. त्या घेतल्यावर शौचास काळी होते, ती घाबरण्याची गोष्ट नव्हे. कित्येक मुली एवढ्यावरून गोळ्या बंद करतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. आणि दुसरी गोष्ट अशी की, स्टेशनावर आणि कॉलेजात स्वच्छ शौचालय नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, पाठदुखी. पाणी पिण्याचा उपदेश करणे सोपे आहे. शौचालयासाठी प्राचार्यांकडे पालकांनी लेखी अर्ज नेला पाहिजे, आणि तो आयांनी न्यावा. बाप यात संकोच करतात.

पावसाळ्यातील आजार तुम्हांस मी नव्याने काय सांगू! जुलैत मुले सुटी काढून लावणीस येतात आणि पायास जखम असता चिखलात उतरतात. त्यानंतर ताप, पोटऱ्यांत असह्य कळा, डोळे लाल, असे झाल्यास तो लेप्टोचा ताप असू शकतो. डॉक्टरांस “मी चिखलात होतो” हे आपण होऊन सांगा, कारण शहरातल्या डॉक्टरांस ते सुचेलच असे नाही. तापात मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. डेंग्यू असल्यास त्यांपैकी काही रक्तस्राव वाढवितात. पॅरासिटामॉल तेवढी चालते. फुरसे किंवा मण्यार चावल्यास अंग हलवू नये, जखम कापू नये, दोरी आवळू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते, भगताकडे मिळत नाही. विंचवाचेही तेच. आपल्याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग शोधला. पूर्वी दंश गंभीर झालेल्या शंभरांत चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले. ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकाने ज्याची दखल घेतली, ते काम एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात झाले. फुकटचे औषध ते कसले, म्हणणाऱ्यांस हे सांगा.

दारू व गुटखा यांवर मी वेळ घालवीत नाही. बावीस प्रतिज्ञांत मद्याचा त्याग आहेच; घरात बाप पीत असेल तर मुलास कोणी ऐकवू नये.

आता मनाच्या आजाराकडे येतो. आपल्या समाजात याचे नाव घेत नाहीत. “आम्ही एवढे सोसले, तुम्हांस काय झाले?” हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला.

तीन वर्षांमागे दिवाळीत एका घरी मी गेलो. मुलगा मुंबईस वसतिगृहात शिकत होता. घरी आल्यापासून खोलीबाहेर येईना. आई म्हणाली, “पोरगं आळशी झालंय.” आजी म्हणाली, “बाहेरचं आहे.” भगतास निरोप गेलाही होता. दीक्षा घेतलेले घर, भिंतीवर बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याच भिंतीखाली लिंबू-नारळाची तयारी! पण मी रागावलो नाही. माणसे घाबरली म्हणजे जुन्या वाटेने पळतात. मुलाजवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो बोलला. “काका, झोप येत नाही. पुस्तक उघडले की अक्षरे दिसतात, वाचता येत नाहीत. वर्गात इंग्रजीत बोललो की हसतात, गुण मिळाले की कोणत्या कोट्यातला म्हणतात. आता काही वाटतच नाही.” मग मी त्यास सरळ विचारले, “जीव द्यावासा वाटतो काय?” तो म्हणाला, “कधी कधी.” असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येतो, अशी लोकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने त्याचे ओझे कोणीतरी पाहिले, एवढे त्यास कळते.

त्याच अंगणातून त्याने १४४१६ हा क्रमांक फिरविला. ही टेली-मानस नावाची शासनाची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास अलिबागला नेले. तेथील जिल्हा रुग्णालयास आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे आणि मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. औषध सुरू झाले. आईने भगतास परत पाठविले. आजी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. त्या मुलाचे एक सत्र गेले. आज तो शेवटच्या वर्षास आहे.

कायद्याचे बोलावयाचे तर, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा गुन्हेगार नसून तो तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, असेही त्यात आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने मुलास घरात दडवू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास औषधापासून अडवून मंत्राने बरे करू पाहणे हा गुन्हा ठरला आहे. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक असावा, आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणे लावावेत. मुलास पोचवावयास जाल तेव्हा कार्यालयात शांतपणे विचारा की, आपल्याकडे समुपदेशक कोण, ते कोणत्या दिवशी भेटतात, आणि क्रमांक कोठे लावला आहे. अजून नेमलेला नाही, असे उत्तर आल्यास ते लेखी मागा.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. त्यानंतर राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांतील जातिभेद थांबावा, अशी त्यांची मागणी होती. आपली मुले गेल्यावर त्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. येथे बसलेल्या आयांना मी एवढेच सांगतो की, तुमच्या मुलीचा दूरध्वनी आला आणि ती “बरी आहे” म्हणाली, तर तेवढ्यावर ठेवू नका. काल रात्री काय जेवलीस, किती वाजता झोपलीस, खोलीतल्या मुली बोलतात काय, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे खोटी देणे अवघड असते.

मोठा आजार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती वेगळ्या नावाने प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांस वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत मिळते. शिधापत्रिका आणि आधारपत्र यांची एक एक प्रत मुलाच्या पेटीत आजच ठेवा. ऐन वेळी रात्री दोन वाजता ती रोह्याहून मुंबईस पाठवितात, आणि तोवर सर्वांचा धीर सुटलेला असतो.

आता विहाराचे काम. वर्षावासाचे तीन महिने आपण रोज संध्याकाळी ग्रंथवाचनास जमतोच. त्या वेळी दाराशी एक डबा ठेवावा. ज्यास जमेल त्याने मूठभर तांदूळ, नाचणी किंवा डाळ टाकावी. ज्या मुलांची रक्कम अजून आलेली नाही, त्यांच्याकडे ती दर पंधरवड्यास पोचवावी. कोणास पोचविली, हे मोठ्याने वाचू नये. दुसरे, येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता पेणकडील मुलांनी पेणच्या व रोह्याकडील मुलांनी रोह्याच्या स्टेशनावर जमावयाचे आहे. मी पेणला असेन, रोह्यास माझ्या जुन्या सहकारी सिस्टर येतील. दाखविण्यासाठी म्हणून सर्वांस उपजिल्हा रुग्णालयात नेऊ. केसपेपर कोठे मिळतो, रक्त कोठे तपासतात, औषधाची खिडकी कोणती, ते निरोगी असतानाच पाहून घ्यावे. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, म्हणून गर्दी नसेल. रक्ततपासणीसाठी सोमवारी पुन्हा यावे लागेल आणि त्या दिवशी मुलींना गाडी चुकवावी लागेल, हे आताच सांगून ठेवतो. येताना भाकरी खाऊन या.

जय भीम.